मानेच्या कण्याचा एमआरआय : नाव एक, तपासण्या अनेक

नवी दिल्ली : मान सतत दुखते, हाताला मुंग्या येतात, बोटांतील पकड सैल होत चालली आहे, अशा तक्रारी घेऊन डॉक्टरांकडे गेलेल्या रुग्णाच्या हाती बहुधा एक चिठ्ठी पडते. तिच्यावर लिहिलेले असते, ‘एमआरआय, सर्व्हायकल स्पाइन’. रुग्णाच्या दृष्टीने ही एकच चाचणी असते. प्रत्यक्षात या एका नावाखाली चित्रणाच्या अनेक पद्धती सामावलेल्या असतात आणि त्यांतील कोणत्या वापरल्या, यावर अहवालात काय दिसेल व काय दिसणार नाही, हे बऱ्याच अंशी ठरते.

एकाच रुग्णाच्या मानेचे दोन केंद्रांत चित्रण झाले आणि एका अहवालात मज्जातंतूचा मार्ग ‘तीव्र’ तर दुसऱ्यात ‘मध्यम’ अरुंद झाल्याचे नमूद झाले, असे घडू शकते. अशा वेळी एक केंद्र चुकले असे लगेच मानले जाते. परंतु हा फरक चित्रणाच्या पद्धतीतूनही येऊ शकतो. शस्त्रक्रियेचा निर्णय या एका शब्दावर अवलंबून नसला, तरी त्या निर्णयाच्या विचारात हा शब्द असतोच. म्हणूनच कोणती पद्धत कशासाठी वापरतात, हे समजून घेण्याला महत्त्व आहे.

जागा लहान, जोखीम मोठी

मानेच्या कण्यात सात मणके असतात आणि त्यांच्यालगत मज्जातंतूंच्या आठ जोड्या बाहेर पडतात. मणक्यांच्या मागील पोकळीतून मेंदूकडून आलेला मज्जारज्जू खाली उतरतो. हातापायांची हालचाल, स्पर्शाची जाणीव, मलमूत्रावरील नियंत्रण या सर्वांचे संदेश याच दोरीतून ये-जा करतात. श्वासपटलाला चालना देणारे मज्जातंतूही मानेच्या तिसऱ्या ते पाचव्या पातळीतूनच निघतात. त्यामुळे कमरेच्या कण्यात जो दोष केवळ पायात कळ आणतो, तोच मानेत उद्भवल्यास माणसाचे चालणे, क्वचित श्वास घेणेही धोक्यात येऊ शकते.

या पोकळीच्या मापांत मिलिमीटरला अर्थ असतो. तिचा पुढून मागचा व्यास १३ मिलिमीटरपेक्षा कमी असल्यास ती अरुंद आणि १० मिलिमीटरपेक्षा कमी असल्यास अतिशय अरुंद मानण्याचा प्रघात आहे. साहजिकच, चित्रणाच्या पद्धतीने कडा एखाद्या मिलिमीटरने पुढेमागे दाखवली, तरी रुग्णाचा वर्ग बदलू शकतो.

वयोमानाने होणाऱ्या झिजेमुळे मज्जारज्जूवर दाब येऊन जो विकार होतो, त्याला मायलोपॅथी म्हणतात. त्याची सुरुवात फसवी असते. शर्टाचे बटण लावताना बोटे अडखळतात, अक्षर बिघडते, जिना उतरताना तोल जातो. मान दुखतेच असे नाही. ही लक्षणे पुष्कळदा मनगटातील नस दबल्याची किंवा नुसत्या वार्धक्याची समजली जातात. मज्जारज्जूची हानी काही मर्यादेपलीकडे गेल्यास शस्त्रक्रियेनंतरही ती पूर्णपणे भरून निघत नाही. एकीकडे हा दाब वेळेवर लक्षात न येण्याचा धोका आणि दुसरीकडे नसलेला किंवा किरकोळ दाब मोठा भासून अनावश्यक शस्त्रक्रिया होण्याचा धोका, या दोहोंच्या मधून मानेच्या एमआरआयला वाट काढावी लागते.

पाण्यातून उमटणारे चित्र

एमआरआय, अर्थात चुंबकीय अनुस्पंदन प्रतिमांकन, यात क्ष-किरणांचा वापर होत नाही. शरीरातील पाणी आणि चरबी यांमधील हायड्रोजनच्या अणुकेंद्रांवर या तंत्राची उभारणी झालेली आहे. रुग्णालयांतील नेहमीच्या यंत्रांचे चुंबकीय क्षेत्र १.५ टेस्ला असते. पृथ्वीच्या चुंबकीय क्षेत्राच्या ते सुमारे ३० हजार पट आहे. या क्षेत्रात हायड्रोजनची केंद्रे सुमारे ६४ मेगाहर्ट्झच्या रेडिओलहरींना प्रतिसाद देतात. लहर थांबली की ती पूर्वस्थितीला येतात आणि येताना क्षीण संकेत सोडतात. निरनिराळ्या ऊतींतील केंद्रे निरनिराळ्या वेगाने पूर्वस्थितीला येतात. चित्रातील काळा, पांढरा आणि राखाडी रंग या वेगांतील फरकातून निर्माण होतो.

या संकेतांपासून प्रतिमा तयार करता येते, हे अमेरिकेतील पॉल लॉटरबर यांनी १९७३ मध्ये दाखवून दिले. ब्रिटनमधील पीटर मॅन्सफिल्ड यांनी त्यामागील गणित आणि वेगवान चित्रणाचे तंत्र विकसित केले. दोघांना २००३ चे वैद्यकशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले.

रेडिओलहरी कधी सोडायच्या, किती वेळ थांबायचे, संकेत केव्हा टिपायचा, याचे ठरावीक वेळापत्रक म्हणजे ‘सीक्वेन्स’. यंत्र तेच, रुग्ण तोच. पण वेळापत्रक बदलले की चित्र बदलते. मानेच्या तपासणीत साधारणतः चार ते सहा सीक्वेन्स घेतले जातात आणि त्यासाठी सुमारे २० ते ३० मिनिटे लागतात. यंत्रातून दर काही मिनिटांनी येणारा ठोक्यांचा बदलता आवाज हा या वेळापत्रकांचा बदल असतो.

पाया : टी-१ आणि टी-२

कोणत्याही केंद्रातील तपासणीचा पाया टी-१ आणि टी-२ या दोन प्रकारच्या प्रतिमांवर असतो. टी-१ प्रतिमेत चरबी उजळ आणि पाणी गडद दिसते. मणक्यांची रचना, त्यांच्या पोटातील चरबीयुक्त अस्थिमज्जा आणि तिच्यात झालेला बदल पाहण्यासाठी ही प्रतिमा उपयुक्त ठरते. निरोगी प्रौढाचे मणके टी-१ वर चकतीपेक्षा उजळ दिसतात. ते गडद झाले असल्यास कर्करोगाचा प्रसार, जंतुसंसर्ग किंवा रक्ताचा विकार यांचा विचार करावा लागतो.

टी-२ प्रतिमेत पाणी उजळते. मज्जारज्जूभोवतीचा द्रव पांढरा आणि मज्जारज्जू त्यात राखाडी पट्ट्यासारखा दिसतो. चकती किंवा हाडाच्या वाढीने हा पांढरा थर कोठे नाहीसा झाला, हे एका दृष्टिक्षेपात कळते. मज्जारज्जूच्या आत पांढरा ठिपका दिसल्यास दाबामुळे सूज किंवा हानी झाल्याचा तो संकेत असू शकतो.

आज टी-२ प्रतिमा बहुधा ‘फास्ट स्पिन एको’ पद्धतीने घेतली जाते. जर्मनीतील युर्गेन हेनिग यांच्या गटाने १९८६ मध्ये तिची मांडणी केली. तीमुळे चित्रणाचा वेळ कितीतरी कमी झाला. ही पद्धत चुंबकीय क्षेत्रातील अडथळ्यांना फारशी बधत नाही, म्हणून हाडांच्या कडा जवळपास खऱ्या मापाने दिसतात. मात्र तिच्या दोन उणिवा आहेत. पहिली, तिच्यात पाण्यासोबत चरबीही उजळ राहते आणि त्या उजेडात मणक्यातील सूज झाकली जाऊ शकते. दुसरी, हृदयाच्या प्रत्येक ठोक्यासरशी मानेतील द्रव वरखाली सरकतो. आडव्या छेदांत या प्रवाहामुळे पांढऱ्या द्रवात काळे डाग उमटतात आणि ते एखाद्या गाठीचा किंवा रक्तवाहिनीचा भास निर्माण करतात.

ग्रेडियंट एको : दोष तोच गुण

या काळ्या डागांवर उपाय म्हणून अनेक केंद्रे मानेच्या आडव्या छेदांसाठी ‘ग्रेडियंट एको’ पद्धत वापरतात. तिच्यात द्रव एकसारखा उजळ दिसतो. हाड काळे आणि चकती त्यामानाने उजळ दिसत असल्याने मज्जातंतूवर दाब मऊ चकतीचा आहे की कठीण हाडाचा, हे ओळखणे सोपे जाते. शल्यविशारदासाठी हा फरक मोलाचा असतो. या पद्धतीच्या सुधारित प्रकारांत तर मज्जारज्जूच्या आतील फुलपाखराच्या आकाराचा करडा भागही स्पष्ट दिसतो.

परंतु हाड आणि मऊ ऊती यांच्या सीमेवर चुंबकीय क्षेत्रात सूक्ष्म विस्कळीतपणा असतो. फास्ट स्पिन एको पद्धत तो बव्हंशी दुरुस्त करते. ग्रेडियंट एको करत नाही. परिणामी हाडाची कड आहे त्यापेक्षा जाड आणि तिच्याशेजारचे छिद्र आहे त्यापेक्षा अरुंद दिसते. सुरुवातीला उल्लेखलेल्या ‘मध्यम’ आणि ‘तीव्र’ यांतील तफावतीचे हे एक महत्त्वाचे कारण आहे. अनुभवी क्ष-किरणतज्ज्ञ ही अतिशयोक्ती जाणून असतात आणि दोन्ही पद्धतींच्या प्रतिमा शेजारी ठेवून निष्कर्ष काढतात. केवळ ग्रेडियंट एकोच्या आधारे ‘तीव्र’ असा शेरा मारला गेल्यास मात्र रुग्णाची दिशाभूल होऊ शकते.

हाच दोष अपघाताच्या रुग्णात गुण ठरतो. मज्जारज्जूत रक्तस्राव झाला असल्यास त्या रक्तातील लोह चुंबकीय क्षेत्र विस्कळीत करते आणि ग्रेडियंट एकोवर तेथे ठळक काळा डाग उमटतो. मज्जारज्जूला केवळ सूज आहे की आत रक्त साकळले आहे, यावर रुग्णाच्या सुधारणेची शक्यता बऱ्याच प्रमाणात अवलंबून असते. रक्तस्राव असल्यास ती कमी असते. अरुंदपणा मोजताना जी पद्धत अतिशयोक्ती करते, तीच पद्धत येथे सर्वांत सावध साक्षीदार असते.

तिरकी छिद्रे आणि त्रिमितीय चित्रण

मानेतील मज्जातंतू कण्याबाहेर पडताना सरळ बाजूला जात नाहीत. ते सुमारे ४५ अंशांनी पुढे झुकून बाहेर पडतात. कमरेतील छिद्रे उभ्या छेदात समोरासमोर दिसतात, मानेतील दिसत नाहीत. त्यामुळे नेहमीच्या उभ्या छेदावरून मानेतील छिद्राच्या अरुंदपणाचा अंदाज बांधणे अवघड असते. नेहमीच्या द्विमितीय छेदांची जाडी साधारण ३ मिलिमीटर असल्याने लहान छिद्र दोन छेदांच्या मध्ये हरवूही शकते.

त्रिमितीय टी-२ पद्धतीत एक मिलिमीटर किंवा त्याहून लहान, सर्व बाजूंनी सारख्या मापाच्या घनांत संपूर्ण मानेची माहिती गोळा केली जाते. नंतर संगणकावर हव्या त्या कोनातून छेद काढता येतो; तिरक्या छिद्राच्या नेमका काटकोनातही. हाताला कळ येते, पण नेहमीच्या प्रतिमांत कारण सापडत नाही, अशा रुग्णात या पद्धतीचा विशेष उपयोग होतो.

याची किंमत वेळेत मोजावी लागते. एक त्रिमितीय सीक्वेन्स बराच वेळ चालतो आणि त्या काळात रुग्णाने मान हलवली किंवा वारंवार आवंढा गिळला, तर एखादा छेद नव्हे, सगळाच संच खराब होतो. मज्जारज्जूच्या आतील फिकट ठिपके दाखवण्यात ही पद्धत द्विमितीय टी-२ पेक्षा काहीशी कमी पडते. म्हणून ती पूरक म्हणून वापरणे श्रेयस्कर समजले जाते. त्रिमितीय चित्रण न जमल्यास छिद्रांच्या कोनात तिरके द्विमितीय छेद घेणे हाही साधा व परिणामकारक मार्ग आहे.

चरबी झाकल्यावर दिसणारा आजार

फास्ट स्पिन एकोमध्ये चरबीच्या उजेडात सूज झाकली जाते, या उणिवेवरचे उत्तर म्हणजे चरबीचा संकेत दाबून टाकणाऱ्या पद्धती. त्यांतील ‘स्टर’ ही जुनी आणि भरवशाची आहे. तिच्यात चरबीचा संकेत शून्यावर असतो त्याच क्षणी प्रतिमा टिपली जाते. चरबी काळी पडते आणि सूज, पू, ताजा अस्थिभंग किंवा फाटलेले अस्थिबंध अंधारातील दिव्याप्रमाणे उजळून दिसतात.

भारतात या पद्धतीचे महत्त्व अधिक आहे. जगातील क्षयरुग्णांपैकी सुमारे एक चतुर्थांश या देशात आहेत आणि कण्याचा क्षय येथे दुर्मीळ नाही. तो मानेत पाठीपेक्षा कमी आढळतो. पण मानेत झाल्यास मज्जारज्जूला असलेला धोका मोठा असतो. क्षयात सुरुवातीला मणक्यांमध्ये सूज येते, मधील चकती काही काळ तुलनेने शाबूत राहते आणि मणक्यांच्या पुढे पू साचत जातो. या टप्प्यावर साधा क्ष-किरण फोटो निर्दोष दिसू शकतो. स्टर प्रतिमेवर मात्र बदल स्पष्ट दिसतो. क्षयाचे केंद्र कण्यात एकाहून अधिक ठिकाणी असू शकते, म्हणून अशा रुग्णात संपूर्ण कण्याचे उभे छेदही घेतले जातात.

अपघातानंतर प्रथम सीटी स्कॅन केला जातो, कारण हाडाचा भंग त्यात अधिक चांगला व लवकर दिसतो. परंतु सीटीमध्ये अस्थिबंध आणि मज्जारज्जू यांना झालेली इजा पुरेशी दिसत नाही. हाड शाबूत, पण हातपाय लुळे, अशा रुग्णात एमआरआयची आणि त्यातही स्टरची गरज भासते.

स्टरच्या प्रतिमा काहीशा खरबरीत असतात, वेळ अधिक घेतात आणि शिरेतून रंगद्रव्य दिल्यानंतर ही पद्धत वापरत नाहीत. कारण रंगद्रव्याने उजळणारा भागही तिच्यात चरबीसोबत दाबला जाऊ शकतो. अमेरिकेतील थॉमस डिक्सन यांनी १९८४ मध्ये मांडलेले तंत्र येथे पर्याय ठरते. चरबी आणि पाणी यांतील हायड्रोजनच्या संकेतांत अतिशय लहानसा फरक असतो; १.५ टेस्लाच्या यंत्रात तो सुमारे २२० हर्ट्झ इतका असतो. त्याचा उपयोग करून एकाच चित्रणातून केवळ पाण्याची आणि केवळ चरबीची अशा स्वतंत्र प्रतिमा मिळवता येतात. मान आणि खांदे यांच्या उंचसखल भागात चरबी दाबण्याच्या इतर काही पद्धती असमान परिणाम देतात. डिक्सन तंत्रात ही अडचण कमी जाणवते आणि वेळही वाचतो.

मल्टिपल स्क्लेरोसिससारख्या विकारांत मज्जारज्जूतील लहान ठिपके शोधायचे असतात. यासाठी २०२१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या आंतरराष्ट्रीय शिफारशींनुसार उभ्या छेदांत किमान दोन वेगळ्या पद्धतींच्या प्रतिमा असाव्यात. टी-२ वर संशयास्पद वाटलेला ठिपका स्टरवरही दिसला, तर तो खरा असल्याची खात्री वाढते.

मान वाकवल्यावरच दिसणारा विकार

चित्रणाच्या पद्धतीइतकेच महत्त्व चित्रणाच्या स्थितीलाही असते, याचे उत्तम उदाहरण म्हणजे हिरायामा विकार. जपानचे केइझो हिरायामा यांनी १९५९ मध्ये त्याचे वर्णन केले. किशोरवयाच्या उत्तरार्धात किंवा विशीच्या सुरुवातीला, प्रामुख्याने मुलांमध्ये, एका हाताचे पंजा व पुढील भागाचे स्नायू वाळू लागतात. वेदना नसतात. भारतात या स्वरूपाच्या विकारावर बंगळूरूच्या निमहान्स संस्थेतील डॉ. एम. गौरी-देवी आणि सहकाऱ्यांनी १९८४ मध्ये महत्त्वाचा अभ्यास प्रसिद्ध केला. तरुण वयात हाताचे स्नायू वाळणे म्हटले की कुटुंबाच्या मनात असाध्य स्नायुविकाराची भीती उभी राहते.

अशा मुलाची मान सरळ ठेवून काढलेली प्रतिमा जवळजवळ निर्दोष दिसू शकते. क्वचित मज्जारज्जूचा खालचा भाग किंचित चपटा भासतो. मान पुढे वाकवून पुन्हा चित्रण केले की मज्जारज्जूचे मागील आवरण पुढे सरकलेले, त्यामागे रक्तवाहिन्यांनी भरलेली कोरीव चंद्रकोर आणि पुढे दाबला गेलेला मज्जारज्जू, असे सारे दिसून येते. हा विकार बहुतेकांत काही वर्षे वाढून थांबतो. निदान लवकर झाल्यास गळपट्टा वापरून मान वाकण्यास प्रतिबंध करता येतो आणि उरलेली हस्तशक्ती वाचवण्याची संधी मिळते. चिठ्ठीवर ‘मान वाकवून’ हे दोन शब्द नसतील, तर महागडे यंत्रही हे निदान करू शकत नाही.

१.५ की ३ टेस्ला?

अनेक केंद्रांच्या जाहिरातींत ‘३ टेस्ला’ हा शब्द ठळकपणे असतो. क्षेत्राची तीव्रता दुप्पट झाल्याने संकेताची ताकद तत्त्वतः दुप्पट होते. त्यातून बारीक तपशील किंवा कमी वेळ यांपैकी एक मिळवता येते. मज्जारज्जूच्या आतील सूक्ष्म बदल, त्रिमितीय चित्रण आणि संशोधनासाठी ही यंत्रे सरस आहेत.

मात्र दोषही त्याच प्रमाणात वाढतात. हाडाच्या कडेची अतिशयोक्ती, द्रवाच्या प्रवाहाचे डाग आणि चरबी व पाण्याच्या सीमेवरील सरक अधिक जाणवते. रेडिओलहरींपासून शरीरात शोषली जाणारी ऊर्जा तत्त्वतः चौपट होते. मानेत पूर्वीच्या शस्त्रक्रियेच्या धातूच्या पट्ट्या किंवा स्क्रू असल्यास त्यांभोवतीचा विकृत भाग ३ टेस्लावर मोठा होतो. अशा रुग्णासाठी १.५ टेस्लाचे यंत्र आणि धातूचा परिणाम कमी करणारे खास सीक्वेन्स अधिक उपयोगी ठरतात. ग्रेडियंट एको तेथे जवळपास निरुपयोगी असतो.

झिजेमुळे होणारे नेहमीचे विकार, चकती सरकणे, संसर्ग, अपघात या कारणांसाठी १.५ टेस्लाचे, नीट जुळवलेले यंत्र पुरेसे असते. मुंबईस्थित ‘समीर’ ही केंद्र सरकारची संशोधन संस्था याच क्षमतेचे स्वदेशी यंत्र विकसित करत असून, त्याच्या चाचण्यांसाठी मार्च २०२५ मध्ये दिल्लीच्या अखिल भारतीय आयुर्विज्ञान संस्थेशी करार झाला. बहुतांश यंत्रे आयात होणाऱ्या देशात हे पाऊल चाचणीच्या खर्चाच्या दृष्टीनेही महत्त्वाचे आहे.

काही ठिकाणी ०.२ ते ०.४ टेस्लाची खुली यंत्रे असतात. बंद बोगद्याची धास्ती असलेल्या रुग्णाला ती सोयीची असतात आणि मोठा दाब त्यांवर दिसतो. पण बारीक छिद्रे आणि मज्जारज्जूतील फिकट बदल त्यांवर निसटू शकतात.

आभास कसे ओळखतात

मान हा सतत हलणारा भाग आहे. श्वास, आवंढा, धमन्यांचे ठोके या सर्वांचे पडसाद प्रतिमेवर उमटतात. म्हणूनच तंत्रज्ञ रुग्णाला आवंढा न गिळण्याची सूचना देतात आणि गळ्यासमोरील भागाचा संकेत दाबणारा पट्टा लावतात. घाईत हा पट्टा राहून गेला, तर मज्जारज्जूवर धूसर सावल्या पडतात.

आणखी एक आभास अधिक फसवा असतो. प्रतिमेची सूक्ष्मता कमी ठेवल्यास मज्जारज्जूच्या मध्यभागी लांबलचक उजळ रेघ दिसू शकते. मज्जारज्जूत द्रवाची पोकळी झाल्यासारखी ती भासते. सूक्ष्मता वाढवून किंवा चित्रणाची दिशा बदलून पुन्हा प्रतिमा घेतल्यास आभासाची रेघ बदलते किंवा नाहीशी होते. खरी पोकळी मात्र तशीच राहते.

रंगद्रव्य केव्हा आवश्यक?

शिरेतून दिले जाणारे गॅडोलिनियमयुक्त द्रव्य प्रत्येक रुग्णाला लागत नाही. साध्या मानदुखीत किंवा झिजेच्या विकारात त्याने सहसा नवी माहिती मिळत नाही. संसर्ग, गाठ, मज्जारज्जूचा दाह किंवा शस्त्रक्रियेनंतर पुन्हा उद्भवलेला त्रास यांत त्याचा उपयोग होतो. मूत्रपिंडाचे कार्य फार मंदावलेल्या रुग्णांत काही जुन्या प्रकारच्या द्रव्यांमुळे त्वचा व अवयव कठीण होण्याचा गंभीर विकार आढळल्याने आता मूत्रपिंडाची स्थिती पाहून आणि अधिक स्थिर प्रकारचे द्रव्य निवडून ते दिले जाते.

चित्रातील दोष आणि रुग्णातील आजार

पद्धत कितीही अचूक असली, तरी एक मूलभूत मर्यादा उरते. जपानमधील १,२११ निरोगी, कोणतीही तक्रार नसलेल्या व्यक्तींच्या मानेचा एमआरआय करणारा अभ्यास २०१५ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यांपैकी ८७.६ टक्के व्यक्तींत चकती फुगलेली आढळली. विशीतल्या व्यक्तींतही हे प्रमाण ७० टक्क्यांहून अधिक होते. त्याआधी १९९० मध्ये अमेरिकेतील ६३ निरोगी व्यक्तींच्या अभ्यासात १९ टक्के व्यक्तींत दखल घेण्याजोगे दोष दिसले होते.

याचा अर्थ अहवालातील ‘चकती फुगली आहे’ हे वाक्य म्हणजे निदान नव्हे. कोणत्या बाजूच्या, कोणत्या मज्जातंतूवर दाब आहे आणि तो रुग्णाच्या तक्रारीशी जुळतो काय, हे डॉक्टरांनी हाताची ताकद, स्पर्श व प्रतिक्षिप्त क्रिया तपासूनच ठरवावे लागते. उजव्या हाताला मुंग्या आणि प्रतिमेत डावीकडे दाब असेल, तर उपचार प्रतिमेवर करून भागत नाही. उलट चालताना तोल जाणे, दोन्ही हातांचा बोथटपणा, मलमूत्राच्या तक्रारी ही लक्षणे असतील, तर मान दुखत नसली तरी एमआरआय लांबणीवर टाकणे धोक्याचे ठरते. हाडासारखे कठीण झालेले अस्थिबंध एमआरआयवर केवळ काळा पट्टा म्हणून दिसतात; त्यांची नेमकी व्याप्ती कळण्यासाठी शस्त्रक्रियेपूर्वी सीटी स्कॅनही करावा लागतो.

चिठ्ठीवरील दोन ओळी

पद्धतींच्या या तुलनेत निर्विवाद विजेता कोणी नाही. दाब मोजण्यासाठी फास्ट स्पिन एको, चकती व हाड यांतील फरक आणि रक्तस्राव यांसाठी ग्रेडियंट एको, तिरक्या छिद्रांसाठी त्रिमितीय चित्रण, सूज व संसर्गासाठी स्टर किंवा डिक्सन आणि तरुणांतील वाळत्या हातासाठी वाकवलेल्या मानेची प्रतिमा, अशी ही कामाची वाटणी आहे. कोणते काम आहे हे तपासणी करणाऱ्याला कळले नाही, तर ठरावीक चार सीक्वेन्स घेऊन यंत्र रिकामे केले जाते.

त्यामुळे सर्वांत स्वस्त सुधारणा यंत्रात नसून चिठ्ठीत आहे. ‘मानदुखी’ एवढाच शब्द लिहिण्याऐवजी त्रास कोणत्या बाजूला, किती दिवसांपासून, ताप, वजन घटणे, क्षयाचा इतिहास, अपघात, पूर्वीची शस्त्रक्रिया आणि नेमकी कोणती शंका आहे, अशा दोन ओळी लिहिल्यास क्ष-किरणतज्ज्ञ योग्य सीक्वेन्स निवडू शकतो. रुग्णानेही जुन्या प्रतिमा केवळ अहवालाच्या कागदासह नव्हे, तर सीडी किंवा फिल्मसह जपून ठेवाव्यात. नव्या अहवालातील ‘वाढ झाली’ हा निष्कर्ष दोन्ही वेळचे चित्रण एकाच पद्धतीने झाले असेल, तरच विश्वासार्ह मानता येतो.

पेसमेकर, कानातील कृत्रिम उपकरण, मेंदूतील रक्तवाहिनीला लावलेली चिमटी, डोळ्यात गेलेला धातूचा कण यांची माहिती यंत्राच्या खोलीत जाण्यापूर्वी देणे अत्यावश्यक आहे. हे चुंबक अहोरात्र चालू असते. मुंबईच्या नायर रुग्णालयात जानेवारी २०१८ मध्ये प्राणवायूच्या सिलिंडरसह या खोलीत गेलेल्या एका रुग्णाच्या नातेवाइकाचा मृत्यू झाला होता. चाचणी सुरू नसली तरी धोका कायम असतो, हे त्या दुर्घटनेने दाखवून दिले.

मानेचा एमआरआय हा डॉक्टरने विचारलेल्या प्रश्नाला यंत्राने दिलेले उत्तर आहे. प्रश्न मोघम असेल, तर उत्तरही मोघम येते आणि त्याचा भार अखेर रुग्णाच्या मज्जारज्जूवर पडतो.